गाणारीचं नाव काय?

ईटहून बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जफेडीवर बोललो. आज पैशाचा विषय नाही, गाण्याचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांची गाणी यंत्रात कधी आली, कुणी आणली, आणि आली तेव्हा गाणाऱ्या बाईचं काय झालं, त्याची ही गोष्ट. नोंदवही मात्र यातही येणार आहे. बारा वर्षं गटांचं काम केल्यावर माझ्या बोलण्यातून नोंदवही सुटत नाही.

आपल्या उमरग्याच्या पुढे सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं. आज ते कर्नाटकात बीदर जिल्ह्यात आहे. एके काळी ते कल्याणी नावाने चालुक्य राजांची राजधानी होतं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, काय नेसावं, हत्ती कसे राखावेत, असं सगळं त्यात आहे. गाण्यांविषयी लिहिताना तो सांगतो की महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात. बघा, 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. तिच्याही दीडशे वर्षांहून आधी ओवी उखळाजवळ होती. संतांनी ओवी आपल्या माजघरातून उचलली असं कुणी म्हटलं तर त्यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

पण राजाने कांडणाऱ्या बाईचं नाव लिहिलं नाही. बाया गातात, एवढंच लिहिलं. पुढची आठशे वर्षं हिशेब असाच राहिला.

छापखाने आल्यावर ओव्या गोळा करणारी माणसं निघाली, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' या पुस्तकात हजारो ओव्या जमवल्या. कमलाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांवर पुस्तक लिहिलं त्याला नाव दिलं 'अपौरुषेय वाङ्मय'. हा शब्द वेदांसाठी वापरतात, म्हणजे माणसाने न रचलेलं. कमलाबाईंनी तो बायकांच्या गाण्याला लावला. पुरुषाने न रचलेलं, असाही त्याचा अर्थ होतो. मला हे नाव फार आवडतं आणि थोडं खुपतंही. कारण आपल्या ओव्या कुणीच रचल्या नाहीत, आभाळातून पडल्या, असा समज त्यातून होऊ शकतो. पुढे सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडच्या खंड काढले. गावोगावच्या बायांनी त्यांना गाणी पुरवली. या सगळ्यामुळे शब्द वाचले. आवाज मात्र कागदावर उतरत नाही.

बहिणाबाई चौधरींचंच घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गात, मुलगा सोपानदेव आणि घरातलाच एक जण ते टिपून ठेवी. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये पुस्तक आलं. घरात कवी असलेला मुलगा होता म्हणून एक बहिणाबाई आपल्याला नावानिशी माहीत झाली. जिच्या घरी असा मुलगा नव्हता तिचं काय? पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून त्यांची कविता घरोघरी पोचली. ती आपण ऐकतो ती पार्श्वगायिकेच्या आवाजात आणि संगीतकाराच्या चालीत. जात्यावरची चाल निराळी असते. ती दगडाच्या फेऱ्याने चालते, मधेच वैरण घालायला थांबते, दम लागला की लांबते.

आता यंत्राकडे वळू. आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या भरायला १९०२ मध्ये विलायतेहून माणसं आली, कोलकात्याला. त्या वेळी गायलेल्या सुरुवातीच्या कलावंतांत गौहर जान होत्या. त्यांच्या तबकड्यांची एक गंमत आहे. गाणं संपलं की त्या मोठ्याने स्वतःचं नाव सांगत. कारण तबकड्या छापायला जर्मनीत जात, आणि तिथल्या कामगारांना कागदी चिठ्ठीवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही सोय. कंपनीच्या कामाची गोष्ट होती ती, पण मला त्यात दुसरंच दिसतं. एक बाई यंत्रासमोर उभी राहून स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगतेय. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीत किती जणींना नवऱ्याचं नाव न लावता स्वतःचं नाव सांगता आलं होतं, आठवा बरं.

जात्यावर बसणारी बाई काही तबकडीच्या कंपनीकडे गेली नाही आणि कंपनीही तिच्याकडे आली नाही. तिकडे अमेरिकेत मात्र शेतमजुरांचं गाणं आपल्याआधी कितीतरी वर्षं यंत्रात गेलं. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ या. तिथलं बरंवाईट समजलं की आपलं समजायला सोपं जातं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून कापसाची शेतं करून घेत. १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी गेली, पण शेत मालकाचं, कर्ज सावकाराचं आणि वेचणी यांची, हे तसंच राहिलं. कापूस वेचताना, सडकेवर घण मारताना हे लोक एकमेकांना हाका देत गात. त्या हाकांतून एक गाणं तयार झालं, त्याला ब्लूज म्हणतात. दुःखाचं गाणं, पण रडकं नव्हे. आपल्या ओवीसारखंच, एक ओळ म्हणायची, ती पुन्हा म्हणायची, तेवढ्यात पुढची सुचते. गरिबाच्या पोराला बाजा घ्यायला पैसे नसत, तर तो झाडूची तार सोडवून घराच्या भिंतीला ठोकायचा आणि त्या एका तारेवर वाजवायला शिकायचा. एकतारीच की ती!

१९२० मध्ये न्यूयॉर्कला मेमी स्मिथ नावाच्या गायिकेने ब्लूजची तबकडी गायली आणि ती धडाक्याने खपली. काळी माणसंसुद्धा पैसे देऊन तबकडी विकत घेतात, हे कंपन्यांना तेव्हा कळलं. मग मा रेनी, बेसी स्मिथ अशा बाया पुढे आल्या. या गाण्याच्या धंद्याची वाट बायांनी पाडली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढच्या पुस्तकांत पुरुषांचीच नावं जास्त येतात.

तबकडीवर नाव आलं म्हणजे हिशेब बरोबर झाला असं मात्र नाही. बिग मामा थॉर्नटन या गायिकेने १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' हे गाणं गायलं. गाणं लिहिलं दुसऱ्यांनी, पण त्याला अंग दिलं तिच्या गळ्याने. १९५६ मध्ये तेच गाणं एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने गायलं आणि त्याच्या तबकड्या लाखांनी खपल्या. थॉर्नटन सांगायची की तिच्या हाती एकदाच सुमारे ५०० डॉलर आले, पुढे काही नाही.

आणि एलिझाबेथ कॉटन. हिची गोष्ट आमच्या गटात सांगितली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. १८९३ चा जन्म. लहानपणापासून लोकांच्या घरी धुणीभांडी. भावाचा बँजो चोरून वाजवायची. डावखुरी होती आणि शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून गिटार उलटं धरून वाजवायला शिकली. पोरवयातच तिने मालगाडीवर एक गाणं रचलं. मग लग्न, मूल, देवळाची माणसं म्हणाली असली गाणी सोड, तिने सोडली. चाळीसेक वर्षं सोडली! उतारवयात ती एका घरी कामाला लागली. ते घर योगायोगाने लोकगीतं जमवणाऱ्यांचं निघालं. भिंतीवरचं गिटार तिने एक दिवस उतरवलं आणि घरच्यांना कळलं की आपली स्वयंपाकीण कोण आहे. साठी उलटल्यावर, १९५८ मध्ये, तिची पहिली मोठी तबकडी निघाली. तेवढ्यात तिचं ते मालगाडीचं गाणं इंग्लंडला पोचलं होतं आणि तिकडे दुसऱ्यांच्याच नावावर गाजलं होतं. भांडून ते पुन्हा तिच्या नावावर करून घ्यावं लागलं. १९८५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तिला तिकडचा मोठा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या एका मावशीने ऐकून एवढंच विचारलं, "पन त्या गान्याचे मधले पैसे कुनी खाल्ले?" हिशेब ठेवणाऱ्या बाईचा प्रश्न आहे, मैत्रिणींनो.

त्याच देशात लुइझियाना नावाचा पाणथळ प्रदेश आहे. तिथले काळे लोक फ्रेंच बोलीत गात. त्यांच्या नाचाच्या गाण्याला झायडेको म्हणतात. हा शब्द शेंगांना मीठ नाही अशा अर्थाच्या एका फ्रेंच बोलण्यातून आला असं सांगतात. म्हणजे मीठ लावून टिकवलेलं मांसही शेंगांत टाकायला घरात नाही, इतकी गरिबी. आपण म्हणतो ना, कालवणाला फोडणी नाही. या गाण्यात पेटीसारखा एक भाता असतो आणि ताल धरायला कपडे धुण्याची खरबरीत पत्र्याची फळी. आधी ती फळी हातात धरून चमच्याने खरवडायचे. मग १९४६ मध्ये क्लिफ्टन शेनिए आणि त्याच्या भावाने एका वेल्डिंगवाल्याकडून अंगात घालायचा पत्र्याचा बनियनच करून घेतला. आता तो त्या गाण्याची ओळख आहे. धुण्याची फळी वाद्य झाली. आपल्याकडे जातं हेच वाद्य होतं, पण त्याला वाद्य म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

झायडेको गाणाऱ्यांत क्वीन आयडा नावाची बाई आहे. पोरं वाढवली, शाळेची बस चालवली, आणि पंचेचाळिशीच्या आसपास लोकांसमोर तो भाता घेऊन उभी राहिली. तिलाही पुढे ग्रॅमी मिळाला. पोरं मोठी झाली की आता आपलं काय उरलं असं म्हणणाऱ्या बाया मला रोज भेटतात, म्हणून तिचं नाव घेतलं.

आता पुन्हा आपल्याकडे.

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ हे दोघे गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते. हेमाताई इथल्याच. पॉइटवँ मूळचे फ्रान्सचे, १९७२ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. बायांच्या मनातलं ऐकायचं तर सभा घेऊन चालत नाही, जात्याजवळ बसावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मुळशीपासून सुरू झालेलं हे काम वीस वर्षं चाललं आणि मराठवाड्यापर्यंत आलं. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखावर ओव्या. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक येऊन मिळाले. नुसतं लिहून न घेता त्यांनी आवाज मुद्रित केले, शंभर तासांहून जास्त. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. मग हा सगळा साठा 'पारी'कडे आला. पी. साईनाथ यांनी खेड्यापाड्यांतल्या जगण्याची नोंद ठेवायला २०१४ मध्ये 'पारी' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे २०१७ पासून या ओव्या गाणारीच्या आवाजासकट येऊ लागल्या. आपल्या मोबाइलवरही ऐकता येतात, पैसे पडत नाहीत.

मी पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा ओवीच्या आधी माझी नजर खालच्या माहितीवर गेली. गायिका अमुक. गाव अमुक. तालुका, जिल्हा. जात. वय. मुलं किती. शिक्षण. व्यवसाय. अगदी आपल्या गटाच्या सभासद अर्जासारखं! 'शिक्षण'पुढे बहुतेक ठिकाणी नाही असंच. कुणाला हा कोरडा तक्ता वाटेल. मला तो या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा बदल वाटतो. सोमेश्वर राजाने जे लिहिलं नाही ते इथे लिहिलं होतं. ओवीच्या शेजारी बाई आली. आणि ती एकटी आली नाही, आपली जमीन, आपली मजुरी, आपली पोरं घेऊन आली.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ऐका. त्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. मी अनेक कीर्तनकारांकडून सीतेची कथा ऐकलीय, रडायला आलं नव्हतं. गंगूबाई गातात तेव्हा ती रामाची सीता राहत नाही, घराबाहेर काढलेली आपल्या गल्लीतली बाई होते. स्वर चढत नाही, हुंदका नाही, सरळ चालल्यासारखा आवाज. तेच अंगावर येतं. हे कागदावर वाचून कळलं नसतं.

माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाखणखार यांच्या ओव्या बाबासाहेबांवरच्या आहेत. देव, भाऊ, माहेर हे ओवीचे जुने धनी. तिथे या बायांनी भीमरावाला बसवलं, भाऊ म्हणून, गुरू म्हणून. ओवी म्हणजे जुनंपुराणं असं समजणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. १९५६ च्या धम्मदीक्षेची खबर वर्तमानपत्र न वाचणाऱ्या बाईकडे ओवीतून कशी पोचली, त्याचा हा पुरावा आहे. मुळशीच्या नांदगावच्या कुसुम सोनवणे तर स्वतः गाणाऱ्या आणि स्वतःच संघटनेच्या कार्यकर्त्या.

एक गोष्ट मात्र या साठ्याबद्दलही सांगायला हवी. यंत्र आलं तोवर जातं थांबलं होतं. गावोगाव डिझेलवर, मग विजेवर पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटे तीनला उठून पायली-पायली ज्वारी दळायचं संपलं. ते संपलं हे फार चांगलं झालं. जात्याचं कौतुक करणाऱ्यांनी एक पायली शाळू दळून दाखवावी, मग बोलावं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया १९७२ च्या दुष्काळातलं सांगतात, दिवसभर खडी फोडायची, रात्री ती परदेशातली लाल मिलो ज्वारी दळायची, हाताचे फोड दोन्हीकडून. खडीवरसुद्धा गायचो म्हणतात. पण कष्टाबरोबर एक जागाही गेली. जात्यासमोर दोघी बसल्या की तिथे सासू ऐकायला नसे, नवरा झोपलेला असे, आणि दगडाच्या घरघरीत काहीही बोलता येई. बोललं तर भांडण, गायलं तर ओवी. आता गाणं आठवणीने म्हणायला लागतं, खुंट्याला हात नसतो. त्यामुळे कित्येक आज्या म्हणतात, नुसतं बसून सुचत नाही गं, हात हलायला पाहिजे. ध्वनिमुद्रणात जे आलं ते या आठवणीचं आलं. तेही नशीब.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. स्वस्त टेप, स्वस्त कॅसेट, आणि गाणं मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या हातून सुटून छोट्या दुकानांत आलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्या काळात एसटी स्टँडपासून लग्नाच्या मांडवापर्यंत पोचला. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, मग नातू आदर्श, अशा तीन पिढ्या त्या गळ्याच्या. आपल्याकडे तुळजापूरच्या नवरात्रात आणि येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला चुनखडी वेचायला गेल्यावर दुकानादुकानांतून देवीची गाणी वाजायची. संबळ, तुणतुणं, चौंडकं, सगळं त्यात. गोंधळ्यांचं आणि आराध्यांचं गाणं असं घरी न्यायला मिळालं.

पण कॅसेटचं वेष्टन आठवा. वर देवीचा फोटो, खाली 'अमुक आणि पार्टी'. त्या पार्टीत झांज धरून मागे झील ओढणाऱ्या आराधिणी कोण होत्या? परडी घेऊन पाच घरं मागणारी, वर्षभर मळ्यात राबणारी, नवरात्रात घसा बसेपर्यंत गाणारी बाई 'पार्टी'मध्ये गेली ती गेलीच. जात्यावरच्या बाईला निदान ते दोघे संशोधक भेटले. आराधिणीला दुकानदार भेटला.

मग मोबाइल आला. यातलं चांगलं उदाहरण म्हणजे संभाजीनगरच्या कडूबाई खरात. बाबासाहेबांची गाणी, हातात एकतारी. गाणं वडिलांकडून आलं. दारोदार गाऊन पोट भरणारी बाई. कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओतून ती महाराष्ट्राला कळली, आणि मुख्य म्हणजे नावानिशी कळली. नंतर मोठ्या मंचावर बोलावणं आलं, तरी एकतारी तीच. साताऱ्याकडे म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे बायांचं रेडिओ केंद्र आहे. तिथूनही गावच्या बाया स्वतःच्या आवाजात बोलतात, गातात.

वाईटही सांगते. आमच्या गटातल्या एका आज्जीचा आवाज असाच कुणीतरी नेला. दोन पोरं गाडीवर आली, आज्जीला ओव्या म्हणायला लावल्या, तासभर बसली, चहा-खारी खाऊन गेली. दोन महिन्यांनी आज्जीच्या नातवाने तोच आवाज मोबाइलवर लावला. खाली ढोलकी आणि कीबोर्ड, वर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, चित्रात नऊवारी नेसलेली एक कोवळी मुलगी ओठ हलवतेय. बघणारे हजारोंनी. आज्जी ऐकून खूप हसली. मग गप्प बसली. मग म्हणाली, "गानं घ्या की, गानं कुनाचं नसतं. पन त्यात माझ्या भावाचं नाव हाय." ओवीत आपण भावाचं नाव गुंफतो. तिचा तो भाऊ तरुणपणीच वारला होता. पोरांनी नेलेल्या गाण्यात अजून त्याचं नाव होतं आणि त्याच्या बहिणीचं नव्हतं.

तेव्हापासून मी कायदा विचारत फिरले. आपल्याला कामाचा आहे म्हणून सांगते. परंपरेने आलेली ओवी कुणा एकीच्या मालकीची नसते, आज्जी म्हणाली ते बरोबर. पण गायन हे गाणारीचं असतं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन सादरकर्त्याचा हक्क नीट आला. १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षं झाली. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक हक्क मिळाला, सादर करणाऱ्याचं नाव लावलं जाण्याचा. म्हणजे तुम्हाला न विचारता कुणी तुमचं गाणं मुद्रित करून बाजारात आणू शकत नाही, आणि आणलं तर नाव तुमचं लागलं पाहिजे. कोर्टात कोण जाणार, हा पुढचा प्रश्न आहे, मला मान्य. पण रेकॉर्ड करायला आलेल्या पोरासमोर एवढं बोलता आलं तरी तो मोबाइल खाली ठेवून आधी नाव विचारतो. आम्ही हे दोनदा करून पाहिलंय.

आता नोंदवही. आमच्या गटाने शंभर पानी एक वही वेगळी काढलीय. पैशाची नव्हे, गाण्याची. एका पानाला एक बाई. वर तिचं स्वतःचं नाव, मग माहेरचं गाव, सासरचं गाव. गाणं कुणाकडून शिकली तिचं नाव, आईचं असो, जावेचं असो, नाहीतर ऊसतोडीच्या फडावर भेटलेल्या कोण्या बाईचं. बहुतेक पानांवर इथे दोन-तीन नावं येतात, आणि तिथूनच खऱ्या गप्पा सुरू होतात. कुठलं गाणं कोणत्या कामाचं तेही लिहितो: दळणाचं, कांडणाचं, खुरपणीचं, हळदीचं, पाळण्याचं. आवाज मोबाइलवर घेतो आणि दोन ठिकाणी ठेवतो, एक गटाच्या फोनच्या कार्डावर आणि एक तिच्याच घरी, नातवाच्या नाहीतर सुनेच्या फोनवर. लोकांना ऐकवायचा की नाही हे ती ठरवते आणि तसं पानावर लिहून अंगठा किंवा सही घेतो. दोघींनी नको म्हटलं. त्यांच्या ओव्यांत घरातलं फार होतं. ती पानं आहेत, आवाजही आहे, पण तो वाजणार नाही.

सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं, साठीपुढच्याच बाया येतील. तसं झालं नाही. खव्याच्या भट्टीवर काम करणारी एक पंचविशीची सून आली. खवा घोटताना हात थांबवता येत नाही, खाली लागतो. कढईतल्या उलथन्याच्या फेऱ्यावर तिने आजेसासूकडून ऐकलेली दळणाची चाल धरली आणि त्यात शब्द आपले घातले, दुधाच्या भावाचे, भट्टीच्या धुराचे, नवऱ्याच्या फोनचे. जुन्या बायांना आधी हसू आलं. मग त्यातल्या एकीने तिच्या ओळीला जोड ओळ दिली. तिचं पान आम्ही सातवं केलं.

काम घाईचं आहे, कारण दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला जातात आणि निम्मा गाव मोकळा होतो. परत येईपर्यंत उन्हाळा. आजवर अकरा पानं भरलीत. बाराव्या पानावर नाव लिहिलंय, माहेर लिहिलंय, शिकवणारीचं नाव लिहिलंय. आवाज राहिलाय. ती आज्जी लेकीच्या बाळंतपणाला वाशीला गेलीय, पोळ्याला येते म्हणालीय.